निकाल लावणारे आपण कोण?



शेवटच्या न्यायाच्या दिवशी काय होणार, याची आमच्या ख्रिस्ती समाजातल्या काहीजणांना फारच घाई झालेली दिसते. स्वर्गात कोण जाणार आणि नरकात कोण, याची यादी त्यांच्याकडे तयारच असते! गंमत म्हणजे नरकाच्या रकान्यात त्यांचं स्वतःचं नाव कधीच नसतं. मी जन्माने ख्रिस्ती, त्यामुळे हे घरच्या माणसाने घरच्यांना सांगितलेले दोन शब्द समजा.

मत्तयाच्या शुभवर्तमानाचा 25 वा अध्याय काढून पाहा. न्यायाच्या दिवशी राजा मेंढरं आणि शेरडं वेगळी करतो, ती गोष्ट. तिथे कोणत्या गोष्टींचा हिशेब होतो? भुकेल्याला जेवण, तहानेल्याला पाणी, परक्याला आसरा, उघड्याला वस्त्र, आजाऱ्याची विचारपूस आणि तुरुंगातल्याची भेट. बस्स. बाप्तिस्मा कोणत्या पंथात झाला, दशमांश किती दिला, उपासनेत कुठल्या बाकावर बसत होता, यातलं काहीच विचारलेलं नाही. आणि विशेष म्हणजे दोन्ही बाजूंचे लोक निकाल ऐकून चकित होतात! आपण पास झालो हे पास झालेल्यांनाही ठाऊक नव्हतं. मग आपल्याला आधीच कसं कळतं हो?

त्याच पुस्तकाचा 23 वा अध्याय तर त्याहून कडक आहे. येशूने सगळ्यात जळजळीत शब्द वापरले ते जकातदारांसाठी नाहीत, पापी बायकांसाठी नाहीत. ते वापरले शास्त्री आणि परूशी यांच्यासाठी, म्हणजे धर्म शिकवणाऱ्यांसाठी. पुदिना-जिऱ्याचासुद्धा दशांश मोजून द्यायचा, पण न्याय आणि दया विसरायची, असं त्यांचं चाललं होतं. ढोंगाचा हा रोग एका धर्माचा नाही. देहू इथून जवळच, आणि टिळाटोपी घालून मिरवणाऱ्यांची तुकोबांनी काय हजेरी घेतली ते इथल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे. रेव्हरंड टिळक तुकोबांच्या वाटेनेच ख्रिस्ताकडे आले, ते उगीच नव्हे.

आपल्या महाराष्ट्रातलंच उदाहरण घ्या, पंडिता रमाबाईंचं. 1883 साली इंग्लंडमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पण त्रैक्याच्या सिद्धांताबद्दल त्यांनी शंका विचारल्या, क्रुसावर लॅटिन अक्षरंच कशाला, संस्कृत का नको, असंही विचारलं. त्यांच्या गुरुस्थानी असलेल्या सिस्टर जेराल्डीन यांना त्यात अहंकार दिसला. इकडे पुण्यात 1893 साली शारदा सदनातल्या मुलींना ख्रिस्ती केलं जातंय म्हणून गदारोळ झाला आणि न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर यांच्यासारखे सल्लागारही बाजूला झाले. म्हणजे एकांच्या मते बाई पुरेशा ख्रिस्ती नव्हत्या आणि दुसऱ्यांच्या मते फारच ख्रिस्ती होत्या! दोन्हीकडे निकाल लागलेला. रमाबाई धर्मप्रचार करत होत्या हे खरंच आहे, ते लपवायचं कारण नाही. पण 1896-97 च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात जाऊन उपाशी मुली-बायका घेऊन आल्या आणि केडगावला त्यांना छप्पर दिलं. 1897 साली पुण्यात प्लेगच्या बंदोबस्तात बायकांची आबाळ होते असं वाटलं, तेव्हा राज्यकर्ते आपल्याच धर्माचे म्हणून त्या गप्प बसल्या नाहीत, वर्तमानपत्रात पत्र लिहून मोकळ्या झाल्या. वरच्या सहा गोष्टींच्या हिशेबात हे कुठे बसतं, ते तुम्हीच ठरवा.

आता माझ्या मनाला लागलेली गोष्ट सांगतो. 2020 च्या टाळेबंदीत कारखान्यांतले मजूर जुन्या महामार्गाने चालत गावाकडे निघाले होते. आमच्या शेजारच्या एक माळकरी मावशी रोज पिठलं-भाकरी आणि पाण्याचे हंडे घेऊन रस्त्याच्या कडेला उभ्या राहायच्या. पुढे त्या वारल्या. नंतर एका घरगुती प्रार्थनेला एक गृहस्थ हळहळत म्हणाले, "बाई चांगली होती, पण तारण नाही झालं. अग्नीच्या सरोवरातच गेली." सगळे माना डोलवू लागले. याच गृहस्थांनी मुलासाठी स्थळं बघताना मुलीकडच्यांची मूळ जात कोणती, याची गुपचूप चौकशी केली होती. ख्रिस्तात सगळे एक, हे आपण रविवारी शिकवतो. सोमवारी काय होतं?

मी म्हणालो, "मावशींनी पाणी दिलं ते कोणाला दिलं, ते मत्तयात वाचा." त्यावर उत्तर आलं की तारण कर्माने नव्हे, कृपेने होतं. मान्य! मीही तेच शिकलो आहे. पण कृपा देवाची आहे ना? मग तिचा हजेरीपट आपल्या हातात कसा आला? जन्मभर मुलांचे पेपर तपासले, पण पेपर लिहायला बसलेल्या मुलाला शेजारच्याचे मार्क ठरवू दिले नाहीत.

न्यायाची शिकवण काढून टाका असं मी म्हणत नाही. गरिबाला लुबाडणारा सुटणार नाही, यात पिचलेल्या माणसाला केवढा आधार आहे! पण ती आरशासारखी वापरायची, दुसऱ्याच्या डोळ्यावर मारायच्या बॅटरीसारखी नव्हे. निदान कोणाच्या मयतीनंतर तरी नरकाचा पत्ता सांगू नये. त्या घरी डबा पोचवावा, चार माणसांचं जेवण कमी पडतंय का ते पाहावं.

असो. या वयात रागावून लिहू नये म्हणतात, पण राहवलं नाही.