कुलूप की सोबत?

जपानमधील ओबू या शहरात ७ डिसेंबर २००७ रोजी ९१ वर्षांचे एक स्मृतिभ्रंशग्रस्त गृहस्थ कोणाच्याही नकळत घराबाहेर पडले. ८५ वर्षांच्या पत्नीचा काही क्षण डोळा लागला होता, सून कामात होती. घराच्या दाराशी चाहूल लागताच वाजणारी घंटा कुटुंबाने बसविली होती. पण ज्या दाराने ते गेले, तेथील यंत्र त्या दिवशी बंद होते. त्यांच्या कपड्यांवर सुनेचा दूरध्वनी क्रमांकही शिवलेला होता. क्योवा स्थानकात ते रुळांवर उतरले आणि गाडीखाली सापडून त्यांचा अंत झाला.

गाड्यांचा खोळंबा झाल्याबद्दल रेल्वे कंपनीने या कुटुंबावर सुमारे ७२ लाख येनचा दावा लावला. खालच्या न्यायालयाने २०१३ मध्ये पत्नी व थोरला मुलगा यांना पूर्ण भरपाई देण्यास सांगितले, वरच्या न्यायालयाने २०१४ मध्ये रक्कम निम्मी करून ती एकट्या पत्नीवर टाकली. अखेर १ मार्च २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दोघांनाही दायित्वातून मुक्त केले. केवळ पत्नी आहे म्हणून रुग्णाच्या प्रत्येक पावलाची कायदेशीर जबाबदारी तिच्यावर येत नाही, असा या निकालाचा आशय होता. वृद्धांना सांभाळण्याचा भार एका थकलेल्या घराने एकट्याने किती वाहायचा, हा प्रश्न या खटल्याने संपूर्ण जपानपुढे उभा केला.

तो प्रश्न आता भारताच्याही उंबरठ्यावर आहे. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रव्यापी अभ्यासानुसार आपल्याकडे साठीपुढील दर १०० व्यक्तींपैकी सुमारे ७ जणांना स्मृतिभ्रंश असून त्यांची संख्या सुमारे ८८ लाख आहे. एकेकाळी वाड्यात आजोबा दिंडी दरवाजातून बाहेर निघाले, तर ओसरीवरचा कोणीतरी त्यांना हटकत असे. आज मुले नोकरीनिमित्त बंगळूरला किंवा परदेशी, आणि सदनिकेत दोघेच वृद्ध. अशा वेळी बाहेरून कुलूप लावणे हाच अनेक घरांचा पहिला उपाय ठरतो. त्यामागे प्रेम असते, भीतीही असते. पण आग लागली किंवा घरातच तोल जाऊन पडणे झाले, तर हेच कुलूप जिवावर उठते.

येथे अंगावर बाळगण्याची स्थानदर्शक उपकरणे उपयोगी पडतात. मनगटी घड्याळ, लॉकेट किंवा पट्ट्याला अडकविण्याची डबी अशा रूपांत ती मिळतात. उपग्रहांच्या संकेतांवरून उपकरण आपले स्थान ठरविते आणि आतल्या सिमकार्डाद्वारे ते नातलगांच्या मोबाइलवर पाठविते. ठरवून दिलेल्या परिसराची सीमा ओलांडताच सूचनाही येते. मात्र त्यांच्या मर्यादा जाणून घेतल्या पाहिजेत. इमारतींच्या दाटीत व छताखाली उपग्रहांचा संकेत क्षीण होतो. नेटवर्क नसेल तेथे निरोप पोहोचत नाही. बॅटरी चार्ज केली नाही तर उपकरण निव्वळ अलंकार ठरते. किल्ल्या शोधण्यासाठी मिळणारी स्वस्त ब्ल्यूटूथ बटणे तर आसपासच्या इतरांच्या फोनवर विसंबून असतात. माणसाच्या जिवाचा भरवसा त्यांच्यावर ठेवता येत नाही. ओबूतील बंद घंटेचा धडा हाच आहे. यंत्रामागे जागे माणूस नसेल, तर यंत्र असून नसल्यासारखेच.

दुसरा प्रश्न प्रतिष्ठेचा आहे. इंग्लंडमधील ससेक्स पोलिसांनी २०१३ मध्ये स्मृतिभ्रंशग्रस्तांसाठी अशी उपकरणे घेतली, तेव्हा वृद्धांना गुन्हेगारांसारखे ‘टॅग’ केले जात असल्याची टीका तेथील निवृत्तांच्या संघटनेने केली. ही टीका टोकाची वाटली तरी तिच्यातील इशारा खरा आहे. ज्यांनी आयुष्यभर घर चालविले, त्यांच्या अंगावर एके दिवशी न विचारता पट्टा बांधणे हा त्यांचा उपमर्द आहे. आजार प्रारंभीच्या अवस्थेत असताना, त्यांना समजते व सांगता येते तेव्हाच हा विषय त्यांच्याशी मोकळेपणाने बोलला पाहिजे. स्थान कोणाला दिसावे, तेही त्यांच्या संमतीने ठरावे. ही माहिती गरजेपुरतीच पाहिली जावी. उठसूट पाळत ठेवण्याचे ते साधन होऊ नये. उपकरणामुळे सकाळचा फेरफटका आणि देवळापर्यंतची वाट पुन्हा मोकळी होत असेल, तरच ते सोबत म्हणवून घेण्यास पात्र आहे.

या सोबतीसाठी महागडे साधनच हवे असेही नाही. मुंबईत क्यूआर कोड असलेल्या लॉकेटमुळे हरवलेल्या व्यक्तीच्या घराचा पत्ता लागल्याचे उदाहरण आहे. लॉकेट माणूस कोठे आहे हे सांगत नाही. परंतु समोरच्याने थांबून आस्थेने चौकशी केली, तर घराशी संपर्क जुळतो. म्हणजेच अखेर काम येते ते समाजाचे जागेपण.

ते जागेपण घडवावे लागते. गृहनिर्माण संस्थेच्या पहारेकऱ्याला, कोपऱ्यावरील दुकानदाराला, रिक्षातळावरील चालकांना अशा ज्येष्ठांची ओळख करून देणे अवघड नाही. ज्येष्ठ नागरिक संघांनी व गणेशोत्सव मंडळांनी आपापल्या वस्तीत हे काम अंगावर घ्यावे. घरात अलीकडचे छायाचित्र तयार असावे. व्यक्ती हरवल्यास २४ तास थांबण्याचा कोणताही नियम नाही; तत्काळ ११२ क्रमांकावर कळवावे, हे घरोघरी पोहोचले पाहिजे. जपानमधील यामातो शहराने २०१७ मध्ये आपल्या स्मृतिभ्रंशग्रस्त नागरिकांसाठी अपघात दायित्वाचा विमा नगरपालिकेच्या खर्चाने उतरविला. आपल्या महापालिकांनी निदान गरजू कुटुंबांना स्थानदर्शक उपकरणे सवलतीत देण्याचा विचार करण्यास हरकत नाही.

मातृदेवो भव, पितृदेवो भव हा संस्कार आपण अभिमानाने सांगतो. ज्यांना आपले नावही आठवेनासे झाले आहे, त्यांच्याशी आपण कसे वागतो यावर त्या संस्काराची परीक्षा होणार आहे. त्यांना वाट आठवत नसेल, तर ती त्यांच्या वतीने वस्तीने लक्षात ठेवावी.