गुणपत्रिकेच्या पलीकडे

बारावीत गुण कमी पडले की भिवंडीतील अनेक पेढ्यांवर निर्णय ठरलेला असतो: मुलाने आता गादीवर बसावे. (मुलीसाठी तर स्थळेच पाहिली जातात.) हा निर्णय घाईचा आहे, टक्केवारीखेरीज अन्य कसोटीवर प्रवेश देणाऱ्या संस्था फार दूर नाहीत.

खारघर येथील राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्था, अर्थात निफ्ट, हे ठळक उदाहरण. तेथील चार वर्षांच्या डिझाइन पदवीसाठी बारावी कोणत्याही शाखेतून उत्तीर्ण असणे पुरते. प्रवेश ठरतो तो सर्जनक्षमता व सामान्य क्षमता यांच्या परीक्षांवर आणि त्यानंतरच्या प्रात्यक्षिक चाचणीवर. या चाचणीत दिलेल्या साहित्यातून उमेदवाराला वस्तू घडवायची असते. ग्रे कापडाचा पोत बोटांनी ओळखणाऱ्या, ताणाबाणा लहानपणापासून पाहिलेल्या मुलाला हे परके वाटू नये. शुल्क मात्र हलके नाही, स्पर्धाही नाही.

हिशेबाकडे ओढा असेल तर सनदी लेखापालाची वाट आहे. बारावी उत्तीर्णास फाउंडेशन परीक्षा देता येते, टक्केवारीची अट नाही. पदवीनंतर थेट प्रवेश घ्यायचा तर मात्र वाणिज्य पदवीधरास ५५ टक्के लागतात. हा फरक पुष्कळ घरांत ठाऊक नसतो.

निफ्टची परीक्षा बहुधा फेब्रुवारीत होते, अर्ज त्याच्याही आधी भरावे लागतात. बारावीच्या निकालादिवशी पेढीवर हा विषय निघाला, तर ते वर्ष हातचे गेलेले असते.