पहिली अधिकृत भाषा, तात्पुरता वर्ग



आयर्लंडमध्ये राहणाऱ्या आपल्यापैकी बहुतेकांना आयरिश भाषा भेटते ती रस्त्यांच्या पाट्यांवर आणि सरकारी पत्रांच्या मथळ्यांत. १९३७ च्या राज्यघटनेच्या आठव्या कलमानुसार ती राष्ट्रभाषा आणि पहिली अधिकृत भाषा आहे. इंग्रजीचा क्रमांक दुसरा. २००७ पासून ती युरोपीय संघाचीही अधिकृत भाषा आहे. मानसन्मानात काही कमी नाही. पण याच भाषेतून सगळे विषय शिकवणारी शाळा, म्हणजे गेलस्कॉल, स्वतःची इमारत मागते तेव्हा काय होते?

अनेक गेलस्कॉल सुरू होतात त्या भाड्याच्या हॉलमध्ये, नाहीतर एखाद्या क्लबच्या आवारातल्या प्रीफॅब खोल्यांत. व्यवस्था 'तात्पुरती' असते. मग जागेचा शोध, खरेदी, प्राथमिक आराखडा, सुधारित आराखडा, तपशीलवार आराखडा, बांधकाम परवानगी, निविदा. प्रत्येक टप्प्यावर शिक्षण खात्याची मंजुरी. कोणी हरकत घेतली की अपील. तोवर मंत्री बदलतात, बांधकामाचे दर वाढतात. इथले प्राथमिक शिक्षण आठ वर्षांचे आहे. आठ वर्षांचा उशीर हा खात्याच्या लेखी नुसता विलंब असतो. मुलाच्या लेखी ती अख्खी शाळा असते.

यावर ठरलेले उत्तर असे, की इंग्रजी माध्यमाच्या शाळाही प्रीफॅबमध्ये भरतात. खरे आहे, आणि तेही चूकच आहे. पण इंग्रजी शाळेला कंटाळलेले पालक मुलाला शेजारच्या इंग्रजी शाळेत घालतात. गेलस्कॉलला कंटाळलेले पालकही बहुधा त्याच इंग्रजी शाळेत जातात. पहिल्या मुलाची फक्त शाळा बदलते, दुसऱ्याची भाषा सुटते. शिवाय इमारत नाही म्हणून पट वाढत नाही, आणि पट लहान म्हणून इमारतीची निकड दिसत नाही. हे दुष्टचक्र पालकांनी तयार केलेले नाही.

दुसरा आक्षेप आपल्यासारख्या पुरोगाम्यांना अधिक भावतो: या शाळा म्हणजे सुस्थितीतल्यांचे चोचले. असतील काही. पण वर्षानुवर्षे बैठका घेण्याची, निधी गोळा करण्याची, दूरवर गाडीने मुले सोडण्याची ऐपत ज्यांच्याकडे आहे, तेच या विलंबात टिकतात. म्हणजे उशीरच शाळेला उच्चभ्रू बनवतो. त्यावर उपाय एकच, कामगारवस्तीतही वेळेवर इमारत बांधणे.

कामगारवस्तीला ही भाषा नकोच असते, असे म्हणणाऱ्यांनी सीमेपलीकडचे पश्चिम बेलफास्ट पाहावे. शॉज रोडवरच्या मूठभर कुटुंबांनी १९७१ मध्ये आयरिश माध्यमाची शाळा काढली. सरकारी अनुदान मिळाले १९८४ मध्ये. मधली तेरा वर्षे लोकांनी पदरमोड करून शाळा चालवली. जिद्दीची ही कहाणी सगळ्यांना आवडते. पण पालकांच्या जिद्दीवर सरकारने किती काळ फुकट जगायचे?

आता आकडे पाहा. २०१० मध्ये आयर्लंड सरकारने वीस वर्षांचे भाषाधोरण जाहीर केले. शाळेबाहेर रोज आयरिश बोलणारे ८३ हजार होते, ते अडीच लाख करायचे होते. २०२२ च्या जनगणनेत ते भरले सुमारे ७२ हजार. धोरण पुढे, भाषा मागे! भाषेला विरोध करण्याची गरजच नाही. तिचा गौरव करावा आणि तिच्या शाळेची फाइल टेबलावर राहू द्यावी, एवढे पुरते.

आपल्याला हे नवीन आहे का? ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्राने मराठीला अभिजात दर्जा दिला, तेव्हा आपणही एकमेकांना अभिनंदनाचे निरोप धाडले. मुंबई महापालिकेच्या मराठी शाळा मात्र त्याआधीच एकेक करून बंद पडत आल्या होत्या. दर्जा दिल्लीहून मिळतो; वर्ग मात्र गल्लीतच भरवावा लागतो.

'आपण इथे पाहुणे, आपल्याला काय त्याचे?' असे कृपया म्हणू नका. आपण कर भरतो. आयर्लंडमध्ये कायम वास्तव्य असलेल्या परदेशी नागरिकालाही स्थानिक निवडणुकीत मत देता येते. नावनोंदणी करा. उमेदवार दारात आला की त्याला एकच प्रश्न विचारा: आपल्या भागातल्या गेलस्कॉलची इमारत कोणत्या टप्प्यावर अडली आहे, आणि पुढची तारीख कोणती?

'लवकरच' हे उत्तर मात्र ऐकून घेऊ नका. ते आपण मायदेशी पुष्कळ ऐकले आहे.