अखेरच्या मातीचा प्रश्न

मनुष्य मेला म्हणजे त्याचा प्रश्न मिटला, असे म्हणण्याची रूढी आहे. परंतु नगराच्या कारभारापुरते पाहिले तर मनुष्य मेल्यावरच एक निराळा प्रश्न उभा राहतो. २०११ च्या जनगणनेत भिवंडी शहराची वस्ती सात लाखांवर गेली होती. तीत मुसलमान निम्म्याहून अधिक. शिवाय लिंगायत, गोसावी व ख्रिस्ती हेही मृतास मातीतच ठेवणारे. तेव्हा अखेरच्या जागेची चणचण येथे इतर शहरांहून अधिक जाणवावी, हे ओघानेच आले.

दफनाने निसर्गास उपद्रव होऊ नये, यासाठी हल्ली जगभर खटपट चालू आहे. इंग्लंडात कार्लाईल येथे १९९३ साली शिलालेखाऐवजी झाड लावण्याची दफनभूमी सुरू झाली, तिचे मोठे कौतुक झाले. आम्हांस याची थोडी गंमत वाटते. सुती कफन, पेटी नाही, देह टिकविणारी रसायने नाहीत, वर साधी माती. ही रीत भिवंडीच्या कबरस्तानांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. शेजारच्या वसईत काही चर्चनीही लाकडी पेटी सोडून कापडातील दफन स्वीकारले, ते याच विचाराने.

कायदाही या रीतीच्या आड येत नाही. आपल्याकडे शवपेटीची सक्ती नाही. मृत्यूची नोंद २१ दिवसांत व्हावी, दफन अधिकृत जागीच व्हावे आणि नवी जागा महापालिकेच्या परवानगीवाचून वापरू नये, एवढेच मुख्य दंडक. मात्र त्याच कायद्याने मृतांच्या विल्हेवाटीसाठी जुन्या जागा राखणे व नव्या उपलब्ध करून देणे हे महापालिकेचे बंधनकारक कर्तव्य ठरविले आहे, मेहेरबानी नव्हे. मृतदेहासही प्रतिष्ठेचा हक्क आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली सांगितले. आणि २०२४ साली मुंबईच्या पूर्व उपनगरांतील कबरस्तानांच्या टंचाईवरून उच्च न्यायालयाने तेथील महापालिकेस खडसावले. भिवंडीने त्या पाळीची वाट का पाहावी?

समाजांनाही दोन शब्द ऐकविणे आम्हांस भाग आहे. कच्ची कबर काही वर्षांनी पुन्हा वापरता येते. सिमेंट व संगमरवराने बांधलेली कबर तेवढी भूमी कायमची अडविते. कृत्रिम धाग्याचे वस्त्र देहाबरोबर पुरले तर देह मातीस मिळतो, वस्त्र मिळत नाही. ज्या गावाचे माग अहोरात्र चालतात, त्या गावाला कफनापुरते निव्वळ सुती कापड जड जाऊ नये. हिंदूंच्या एका चितेस तीनशे किलो वा अधिक लाकूड लागते. लोखंडी जाळीवर रचून वर धुराडे बसविलेल्या चितेत ते पुष्कळ वाचते. सायझिंगच्या धुराला कंटाळलेल्या भिवंडीकरांस याचे महत्त्व वेगळे सांगावयास नको.

परंतु खरी मेख जागेची आहे. शहराभोवतालच्या शेतजमिनी गोदामांखाली झपाट्याने गेल्या. मेलेल्यांकडून भाडे येत नाही, हे जमीनमालक जाणतो. विकास आराखड्यात आरक्षण पडले म्हणजे कबरस्तान वा स्मशान मिळाले, असा समज भोळेपणाचा आहे. दहा वर्षांत जमीन संपादन न केल्यास, १९६६ च्या नगररचना कायद्यानुसार मालकास नोटीस देऊन ते आरक्षण रद्द करवून घेता येते. मग नकाशावरील हिरवा तुकडा नकाशावरच राहतो आणि तेथे एखाद्या दिवशी मालमोटारी लागतात.

म्हणून आयुक्तांकडे आमची मागणी एकच आहे. दफन व दहनासाठी किती जागा राखून ठेवली, त्यांपैकी किती प्रत्यक्ष ताब्यात आली आणि उरलेल्यांची मुदत केव्हा संपते, याची प्रभागवार यादी त्यांनी महासभेपुढे ठेवावी. आणि ज्यांची मुदत आधी संपते, त्यांच्या संपादनाचे पैसे येत्या अंदाजपत्रकातच काढून ठेवावेत.