कागदावरून कारखान्यात

मुलीने किंवा मुलाने ‘प्रॉडक्ट डिझाइन शिकायचे आहे’ असे जाहीर केले की घरात पहिला प्रश्न ठरलेला असतो : म्हणजे नक्की काय? दुसरा प्रश्न जरा उशिरा, जेवणे आटोपल्यावर येतो : त्यात पोट भरते का? पहिल्याचे उत्तर स्वयंपाकघरातच आहे. ज्या मिक्सरमध्ये रोज चटणी वाटली जाते, त्याच्या भांड्याचा कान किती जाड असावा, झाकण ओल्या हातातून निसटू नये म्हणून त्याची कड कशी असावी, बटण कोणत्या बाजूला यावे, हे सारे कोणीतरी बसून ठरवलेले असते. तेच काम प्रॉडक्ट डिझायनरचे. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मात्र एका वाक्यात देता येत नाही. ते शोधायचे तर चेन्नईला जावे.

चेन्नईला जाण्यापूर्वी मिक्सरचीच गोष्ट. साठच्या दशकात मुंबईत सीमेन्स कंपनीत काम करणारे अभियंते सत्यप्रकाश माथुर यांच्या घरी ब्राउन कंपनीचा जर्मन मिक्सर होता. आपल्याकडची डाळ, ओले खोबरे, सुक्या मिरच्या हा मारा त्या बिचाऱ्या यंत्राला सोसला नाही. माधुरी माथुर यांची पंचाईत झाली आणि माथुरांनी भारतीय वाटणाला पुरून उरेल अशी मोटर घेऊन नवाच मिक्सर बांधला. ‘सुमीत’ तो हाच. माथुर काही डिझाइन शिकलेले नव्हते. शिकणार तरी कुठे? अमेरिकन डिझायनर चार्ल्स आणि रे ईम्स या दांपत्याने भारत सरकारला आपला प्रसिद्ध अहवाल दिला तो १९५८ साली. त्यात त्यांनी आपल्या साध्या लोट्याचे तोंड भरून कौतुक केले होते. त्या अहवालातून १९६१ मध्ये अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था, म्हणजे एनआयडी, उभी राहिली. पवईच्या आयआयटीत इंडस्ट्रियल डिझाइन सेंटर १९६९ मध्ये निघाले. जर्मनीतल्या उल्म येथे शिकून आलेले सुधाकर नाडकर्णी त्याचे संस्थापक. आज देशभर डिझाइनच्या ज्या शाळा दिसतात, त्यांच्यापैकी अनेकींची मुळे या दोन संस्थांपर्यंत जातात.

आता चेन्नई. हे शहर साडी, इडली आणि डिसेंबरातल्या संगीत महोत्सवासाठी प्रसिद्ध असले, तरी त्याच्या भोवतीचा पट्टा कारखान्यांचा आहे. एन्नोरला अशोक लेलँड, तिरुवोट्टियूरला रॉयल एनफिल्डचा १९५५चा जुना कारखाना, श्रीपेरुंबुदूरजवळ ह्युंदाई, ओरगडमला मोटारी आणि मोटरसायकली. गिंडीची औद्योगिक वसाहत १९५८ सालची, म्हणजे नेमकी ईम्स अहवालाच्या वर्षाची. या वसाहतींतून साचे करणारे, ओतकाम करणारे, पत्रा वाकवणारे असंख्य छोटे कारखानदार बसलेले आहेत. डिझाइनच्या विद्यार्थ्याला खरे शिक्षण देतात ते हेच लोक. कागदावरची सुरेख गोलाई साच्यातून बाहेर निघणारच नाही, हे वर्गात दहा वेळा सांगूनही पटत नाही. साचेवाला आपले रेखाटन उलटसुलट करून पाहतो, मान हलवतो आणि पटते! जोडीला चिंताद्रिपेटची रिची स्ट्रीट आहे. तिथे मोटर, सेन्सर, स्विच सगळे सुटे मिळते. पुदुपेटेत जुन्या गाड्यांचे भाग मिळतात. वस्तू करून पाहण्यासाठी लागणारा बाजार बसच्या अंतरावर असणे ही या अभ्यासक्रमात फार मोठी सोय आहे.

शिक्षणाची सोयही तिथे आहे. आयआयटी मद्रासमध्ये इंजिनियरिंग डिझाइनचा स्वतंत्र विभाग आहे. अण्णा विद्यापीठात प्रॉडक्ट डिझाइनचा पदव्युत्तर अभियांत्रिकी अभ्यासक्रम चालतो. २००७ मध्ये स्थापन झालेल्या ट्रिपल-आयटी-डीएम या संस्थेत प्रॉडक्ट डिझाइनची एम.डेस. पदवी मिळते. (तिच्या नावात कांचीपुरम असले तरी ती आहे चेन्नईच्या दक्षिण टोकाला, मेलकोट्टैयूर येथे. पत्ता न पाहता कांचीपुरमची गाडी पकडू नये.) चामड्याच्या वस्तूंच्या डिझाइनसाठी तरमणीची निफ्ट आहे.

पण पदवी मिळाल्यावर पुढे काय? तरुण मेहता आणि स्वप्नील जैन या दोघांनी २०१२ मध्ये आयआयटी मद्रासमधून इंजिनियरिंग डिझाइनची पदवी घेतली. मेहतांनी अशोक लेलँडमध्ये आणि जैन यांनी जनरल मोटर्समध्ये नोकरी धरली. आईवडिलांना सुखाची झोप यावी अशीच ती सुरुवात होती. पण वर्ष-दीड वर्षातच दोघांनी नोकऱ्या सोडल्या आणि २०१३ मध्ये एथर एनर्जी ही कंपनी काढली. त्यांना आधी स्कूटर करायचीच नव्हती. विजेच्या स्कूटरसाठी चांगली बॅटरी करून विकावी, एवढाच बेत होता. बाजारातल्या स्कूटर पाहिल्यावर कळले की चांगली बॅटरी बसवावी अशी स्कूटरच उपलब्ध नाही. मग सगळी गाडीच कागदावर घेतली. सुरुवातीचे काम मद्रासच्या आयआयटीच्याच आश्रयाने झाले. पुढे कंपनी बंगळुरूला गेली.

पहिली गाडी लोकांसमोर आली फेब्रुवारी २०१६ मध्ये आणि प्रत्यक्ष विक्रीला आली २०१८ मध्ये. म्हणजे नोकरी सोडल्यापासून पाच वर्षे विकायला एकही स्कूटर नव्हती. बाहेरून पाहणाऱ्याला यशाची कहाणी दिसते. घरच्यांना ही पाच वर्षे दिसतात. २०२१ मध्ये होसूरला त्यांचा कारखाना सुरू झाला. एप्रिल २०२४ मध्ये ‘रिझ्टा’ ही कुटुंबासाठीची स्कूटर आली, तिच्यात ऐटीपेक्षा लांबरुंद बैठकीला आणि सामानाच्या जागेला महत्त्व दिलेले होते. मागे बसणारी व्यक्ती कशी बसते, पिशवी कुठे ठेवते, हे पाहिल्याशिवाय अशी बैठक काढता येत नाही. मे २०२५ मध्ये कंपनीचे शेअर बाजारात आले.

सगळ्यांनाच असे धाडस जमत नाही, जमावे अशी अपेक्षाही करू नये. त्याच आयआयटीच्या आवारात दुसरे, जरा शांत उदाहरण आहे. प्राध्यापक सुजाता श्रीनिवासन यांच्या पुढाकाराने तिथे अपंगांसाठी साधने तयार करणारे टीटीके केंद्र चालते. त्यांनी तयार केलेली ‘अराइज’ ही खुर्ची चेन्नईच्याच फिनिक्स मेडिकल सिस्टिम्सने बनवली आणि २०१९ मध्ये ती बाजारात आणली. तिच्यावर बसलेला माणूस कोणाची मदत न घेता उभा राहू शकतो. वर्षानुवर्षे बसून काढणाऱ्या शरीराला रोज थोडा वेळ उभे राहायला मिळणे किती मोलाचे, हे घरात असा रुग्ण असलेल्यांना सांगायला नको. याच कामातून स्वस्तिक सौरव दाश यांच्या पुढाकाराने ‘निओमोशन’ ही कंपनी निघाली. तिची ‘निओफ्लाय’ ही खुर्ची ज्याची त्याच्या मापाने बनते. तिच्या पुढे ‘निओबोल्ट’ हे बॅटरीवरचे चाक जोडले की तीच खुर्ची तीनचाकी वाहन होते आणि ताशी २५ किलोमीटर वेगाने रस्त्यावर धावते. आपल्याकडे चाकांची खुर्ची म्हटली की इस्पितळातली एकाच मापाची, दुसऱ्याने ढकलायची, न्हाणीघराच्या दारात अडकणारी खुर्ची डोळ्यांसमोर येते. शिंपी माप घेतो तसे खुर्चीसाठी माप घ्यावे, ही कल्पना इतकी साधी आहे की ती इतक्या उशिरा का सुचली याचे नवल वाटते.

मुलींच्या पालकांना आणखी एक शंका असते. कारखाना, मोटारी, यंत्रे यांत मुलीचे काय काम? रामकृपा अनंतन यांचे उदाहरण त्यासाठी पुरेसे आहे. बिट्स पिलानीतून मेकॅनिकल इंजिनियर झाल्यावर त्यांनी पवईच्या इंडस्ट्रियल डिझाइन सेंटरमध्ये पदव्युत्तर शिक्षण घेतले आणि १९९७ मध्ये महिंद्रात प्रवेश केला. सुरुवात झाली गाड्यांच्या आतल्या भागापासून. पुढे त्या कंपनीच्या डिझाइन प्रमुख झाल्या. २०११ची ‘एक्सयूव्ही ५००’ आणि २०२०ची नवी ‘थार’ या गाड्यांमागे त्यांचे नेतृत्व होते. कंपनीत पाऊल टाकल्यापासून ‘एक्सयूव्ही’ रस्त्यावर येईपर्यंत चौदा वर्षे गेली, हा हिशेब करिअरच्या कार्यक्रमांत कोणी सांगत नाही. २०२१ मध्ये महिंद्रा सोडून त्यांनी आपला स्टुडिओ काढला. ‘एक्सयूव्ही ५००’ तयार होत असे आपल्या चाकणला. आणि महिंद्राचे मोठे संशोधन केंद्र आहे चेन्नईजवळ, २०१२ मध्ये सुरू झालेले. चेन्नईत आखावे आणि पुण्याजवळ बनवावे, असा हा व्यवहार आहे. मराठी मुलांनी चेन्नई परकी मानू नये, याला हेही एक कारण.

स्वतःचे कार्यालय थाटणे हा तिसरा रस्ता. अश्विनी आणि आशिष देशपांडे यांनी एनआयडीतल्या मित्रांबरोबर १९८९ मध्ये पुण्यात ‘एलिफंट’ ही डिझाइन संस्था काढली. त्या काळात कारखानदाराला डिझायनरचे बिल का द्यायचे हेच मुळात समजावून सांगावे लागे.

हे झाले नाव मिळवलेल्यांचे. बाकीच्यांचे काय होते, तेही पाहायला हवे. पहिली दोन-तीन वर्षे नव्या डिझायनरला आख्खी वस्तू कोणी देत नाही. एखादे हँडल, एखादा खोका, रंगांचे तक्ते, संगणकावर दुसऱ्याच्या रेखाटनाचे मोजमाप भरणे, असे काम वाट्याला येते. प्लॅस्टिकच्या एका वस्तूचा साचा लाखो रुपयांना पडतो. त्यामुळे दहा कल्पनांपैकी नऊ फायलीत राहतात, आणि दहावीचीही कड कोणीतरी खर्च वाचवण्यासाठी कापतो. ज्यांना हे सोसत नाही ते मोबाइलच्या पडद्यावरील बटणे आणि पाने आखण्याच्या कामाकडे वळतात. तिथे पगार लवकर वाढतो, साचा लागत नाही, चूक दुसऱ्या दिवशी दुरुस्त करता येते. त्यात कमीपणा नाही. पण लाकूड, पत्रा, माती हातात घेण्यासाठी जो या शिक्षणाकडे आला, त्याने हा मोह आधीच ओळखून ठेवावा. मोठ्या कंपनीची नोकरी म्हणजे जन्माची सोय, हेही आता खरे राहिलेले नाही. फोर्डने २०२१ मध्ये भारतातील मोटारनिर्मिती थांबवण्याचा निर्णय जाहीर केला आणि पुढच्या वर्षी मरैमलैनगरचा कारखाना थंडावला. मात्र तंत्रज्ञानाचे आणि कार्यालयीन काम करणारे फोर्डचे चेन्नईतील केंद्र चालू राहिले. हातात कौशल्य कोणते आहे याला किती महत्त्व आहे, ते त्या वेळी अनेक घरांना कळले.

आणखी एका बाबतीत विद्यार्थी हमखास भोळे ठरतात. उत्साहाच्या भरात वस्तूचे फोटो सगळीकडे दाखवतात, प्रदर्शनात मांडतात आणि मग नोंदणीचा विचार करतात. डिझाइन कायदा, २००० नुसार वस्तूच्या रूपाची नोंदणी करता येते. तिचे संरक्षण दहा वर्षे असते आणि आणखी पाच वर्षे वाढवून मिळते. पण ते रूप आधीच जगजाहीर झाले असेल, तर ‘नवे’ म्हणून नोंदवण्याचा हक्क गमावण्याची वेळ येते. पेटंट कार्यालयाची चेन्नई शाखा गिंडीलाच आहे. कॉलेजच्या शेवटच्या वर्षात एकदा तरी तिथली पायरी चढून अर्ज कसा भरतात ते विचारून यावे.

प्रवेशाचे म्हणाल तर बारावीनंतरच्या बी.डेस.साठी ‘युसीड’ ही परीक्षा २०१५ पासून होते आणि पदवीनंतरच्या एम.डेस.साठी ‘सीड’ ही त्याहून जुनी परीक्षा आहे. दोन्ही पवईची आयआयटी घेते. एनआयडीची परीक्षा वेगळी. ‘सीड’मध्ये गुण मिळाले की काम झाले असे नाही. पुढे संस्था मुलाखत घेतात, विद्यार्थ्याने केलेल्या कामाची वही, म्हणजे पोर्टफोलिओ, पाहतात. तीच वही पुढे नोकरीच्या वेळी गुणपत्रिकेपेक्षा जास्त उपयोगी पडते. तिच्यात सुंदर चित्रांइतकीच फसलेली मॉडेल्सही असावीत. ते का फसले आणि मग काय बदलले, हे ज्याला सांगता येते त्याच्याशी मुलाखत घेणारे जास्त वेळ बोलतात.

संस्था निवडताना पालक इमारत, वसतिगृह, जेवण पाहतात. ते पाहावेच, मराठी मुलाला रोज सांबार चालेल का, हा प्रश्नही क्षुल्लक नाही. पण फी भरण्यापूर्वी आणखी थोडी चौकशी करावी. गेल्या दोन-तीन वर्षांतली मुले नेमकी कुठे कामाला आहेत आणि त्यांतली किती जण खरोखर वस्तू घडवत आहेत? उन्हाळी प्रशिक्षणासाठी कोणते कारखाने मुलांना घेतात? शिकवणाऱ्यांपैकी कोणी स्वतः एखादी वस्तू बाजारात आणली आहे का? आणि वर्कशॉप रात्री किती वाजेपर्यंत उघडे असते?