दगडाला जात नसते, तसबिरीला असते



हल्ली शहरातल्या कलादालनांत माती, गेरू, दगड वापरून केलेल्या छापचित्रांचं मोठं कौतुक चालतं. 'नैसर्गिक', 'शुद्ध', 'मातीशी नातं' असे शब्द कानावर पडतात. जातीचा विषय काढला की उत्तर ठरलेलं: कलेत राजकारण आणू नका. चला, दगडाचाच इतिहास पाहू.

शिळाछाप जर्मनीत सेनेफेल्डरने 1796 च्या सुमारास शोधला. चुनखडीचा दगड वाळू-पाण्याने घासायचा, तेलकट खडूने चित्र काढायचं, डिंक आणि आम्लाचा हात द्यायचा, मग ओल्या दगडावर शाईचा रूळ फिरवायचा. शाई फक्त चित्राला धरते. रंगीत चित्राला प्रत्येक रंगाचा वेगळा दगड.

1894 मध्ये राजा रविवर्मांनी मुंबईत असा छापखाना काढला. पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथल्या लक्ष्मी-सरस्वती घरोघरी पोचल्या: गोऱ्यापान, दागिन्यांनी मढलेल्या, उच्चवर्णीय बाईच्या रूपात. इकडे काळाराम मंदिराचं दार उघडावं म्हणून 1930 मध्ये बाबासाहेबांना सत्याग्रह करावा लागला. देऊळ बंद, तसबिरीचं दुकान मात्र सगळ्यांना उघडं! देवळाबाहेर राहा, पण देव भिंतीवर टांगून मनाने बांधलेले राहा. हे राजकारण नाही तर काय?

1956 मध्ये 22 प्रतिज्ञांनी त्या तसबिरी उतरवल्या. त्यांच्या जागी बुद्ध आणि बाबासाहेब आले, ते दीक्षाभूमी-चैत्यभूमीच्या रस्त्यावरच्या स्टॉलवरून. त्या छपाईला कलादालनाने कधी कला म्हटलं? आणि ज्या मातीदगडाचे गोडवे गातात, तो दगड फोडणाऱ्या वडाराचं, ती माती मळणाऱ्या कुंभाराचं नाव चित्राखालच्या पाटीवर कधी वाचलंत?

म्हणून कलाशाखेत शिकणाऱ्या आपल्या मुलामुलींना सांगणं आहे: हे माध्यम सोडू नका, ताब्यात घ्या. कोरून भाजलेली मातीची फरशी, जवसाच्या तेलात घोटलेला गेरू, कागद आणि पाठीमागून घासायला चमचा एवढ्यात छाप उठतो. चवदार तळं छापा, सावित्रीमाईची शाळा छापा, गटारात उतरणारा माणूस छापा.

येत्या 14 एप्रिलला नेत्यांच्या चेहऱ्यांचा एक फ्लेक्स कमी लावा आणि त्या पैशात विहारात मुलांची छापकार्यशाळा घ्या. आपल्या घरातल्या भिंतीवर काय लागावं हे ठरवायचा हक्क आता दुसऱ्याच्या छापखान्याकडे ठेवायचा नाही.

जय भीम!