सॉफ्टवेअरची ओळख कोण देतो?

संगणकावर नवे सॉफ्टवेअर बसविणे कोणत्या कार्यप्रणालीत अधिक सोपे, हा वाद जुना आहे. वादात बहुधा बटणे किती वेळा दाबावी लागतात, एवढेच मोजले जाते. माझ्या मते त्याआधी पाहायला हवे ते हे, की येणाऱ्या सॉफ्टवेअरची ओळख कोण देतो?

विंडोजची जुनी रीत म्हणजे कोठूनही ‘सेटअप’ची फाइल आणावी आणि ‘नेक्स्ट’ दाबत जावे. २००७ मध्ये बाजारात आलेल्या विंडोज व्हिस्टाने मध्येच परवानगी विचारण्यास आरंभ केला. पण वारंवार येणाऱ्या प्रश्नाला न वाचताच होकार देण्याची सवय अनेकांना जडली. मॅकवर पुष्कळदा चिन्ह उचलून ॲप्लिकेशन्सच्या फोल्डरमध्ये ठेवले की काम होते. तेथे २०१२ पासून ‘गेटकीपर’ ही व्यवस्था निर्मात्याची डिजिटल स्वाक्षरी तपासते.

लिनक्स अवघड, असा सार्वत्रिक समज आहे. परंतु त्यातील डेबियनने १९९९ मध्येच ‘ॲप्ट’ ही सोय दिली. एका आज्ञेसरशी डेबियनच्या स्वतःच्या भांडारातून सॉफ्टवेअर येते, त्यास लागणारे अन्य घटकही आपोआप येतात. पुढे भांडाराची स्वाक्षरी पडताळण्याची व्यवस्थाही त्यात आली. २००८ मध्ये ॲपलचे ॲप स्टोअर आणि अँड्रॉइड मार्केट सुरू झाले, तेव्हा एकाच भांडाराची ही पद्धत सर्वसामान्यांच्या मोबाइलवर पोहोचली.

पूर्वी बँकेत नवे खाते उघडताना जुन्या खातेदाराची ओळखीची सही लागत असे. भांडाराचे काम त्या सहीसारखेच आहे. ओळख मिळाली म्हणजे प्रत्येक जण सज्जन ठरतो असे नाही. अधिकृत भांडारांतही बनावट ॲप्स शिरलेली आहेत. तरीही अनोळखी माणसाला थेट तिजोरीच्या खोलीत नेणे शहाणपणाचे नव्हे.

अलीकडे वाहनाचा दंड, लग्नपत्रिका वा केवायसीच्या निमित्ताने मोबाइलवर ‘एपीके’ फाइल धाडली जाते. ती बसवून परवानग्या दिल्या, की एसएमएसने आलेला ओटीपी चोराच्या हाती पडू शकतो. अशी फाइल बसवू लागताच अँड्रॉइड सहसा इशारा देतो. तो अडथळा वाटला, तरी आपल्याच ठेवीचा पहारा आहे.

म्हणून ग्राहकांनी बँकेचे ॲप अधिकृत भांडारातूनच घ्यावे. शाखेतील सहकाऱ्यांनीही घाईच्या वेळी ॲपची फाइल परस्पर पाठवू नये. ग्राहकालाच भांडार उघडावयास सांगून ॲपच्या निर्मात्याचे नाव वाचून दाखवावे. त्यात दोन मिनिटे अधिक गेली, तरी ती सत्कारणी लागतील.